पंचवटीत मांडीवर मावेल असा लॅपटॉप, बजेट ३५ हजार

पासवाला_नाशिकरोड
मंडळी, आठवड्यातून ३ दिवस पंचवटी एक्स्प्रेसने नाशिकरोड-सीएसएमटी करतो. जाताना साडेतीन-पावणेचार तास, येताना तेवढेच. मेंढीकोटाच्या कंपूत मला भिडू म्हणून कुणी घेत नाही (कारणं रास्त आहेत). म्हणून गेमिंगपुरता एक लॅपटॉप हवाय. एक्सेलही त्यावरच उरकेन.

आधी मित्राचा १५.६ इंची नेऊन पाहिला. मांडीवर सॅक, सॅकेत डबा, त्यावर ते धूड. पुढच्याने सीट मागे केली की स्क्रीन अर्धी मिटायची. तेव्हा १३-१४ इंच, वजन दीड किलोच्या आत. खेळणार काय, तर एज ऑफ एम्पायर्स टू (२०१९ची डेफिनिटिव्ह), स्टारड्यू व्हॅली, झालंच तर जीटीए फाइव्ह. ऑनलाइन काहीच नाही, कसारा घाटात बोगदे लागले की नेट गेलंच.

दुकानदार रायझन ५ ७५२०यू प्रोसेसर, ८ जीबी रॅमवाला, नवाकोरा ३४ हजारांत देतोय. म्हणतो, "सर, सात हजारची सिरीज आहे, एकदम लेटेस्ट." घेऊ का?

खटपट्या
थांबा! टोकन दिलं नसेल तर देऊ नका.

त्या आकड्यातला पहिला ७ फक्त सालाचा. खरी मेख तिसऱ्या आकड्यात असते. ७५२० मधला २ म्हणजे झेन २, प्रोसेसरची जुनी रचना. कोअर ४ आणि ग्राफिक्सची युनिट्स फक्त २. ७५३०यू दिसायला त्याचा सख्खा भाऊ, पण आत झेन ३, कोअर ६ आणि ग्राफिक्स युनिट्स ७. जुना ५५००यू सुद्धा ७ युनिट्सवाला आहे, म्हणजे गेमिंगला "लेटेस्ट"पेक्षा तोच बरा. शिवाय ७५२०यू बरोबर रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली येते. आज ८ घेतली की जन्मभर ८.

बाल्कनीतला_गेमर
एवढा खटाटोप कशाला? मोबाईलवर खेळा की.

पासवाला_नाशिकरोड
@बाल्कनीतला_गेमर, एज ऑफ एम्पायर्स बोटाने खेळून दाखवा, चहा माझ्याकडून.

लॅमिंग्टन_वारी
खटपट्यांशी सहमत, पण या बजेटमध्ये मी नवा घेणारच नाही. कंपन्यांच्या लीजवरून सुटलेले बिझनेस लॅपटॉप बघा. एलिटबुक ८४५ जी७ किंवा थिंकपॅड टी१४ जेन १, दोन्ही एएमडीवालेच. रायझन ५ प्रो ४६५०यू, ६ कोअर, व्हेगा ६ (म्हणजे ६ युनिट्सचं) ग्राफिक्स. १४ इंची, दीड किलोच्या आसपास.

आता रॅमचं. अशा लॅपटॉपला ग्राफिक्सची वेगळी मेमरी नसते, तो रॅममधूनच उसनवारी करतो. रॅमची एकच स्टिक (पट्टी) असेल तर रस्ता एकपदरी, ग्राफिक्स ताटकळत बसतं. माझ्याकडे एका स्टिकवर जीटीए फाइव्ह ७२०पीला (कमी रिझोल्यूशनला) सेकंदाला पंचवीस-तीस फ्रेम्सवर रखडायचं. दुसरी ८ जीबी टाकली आणि चाळिशी पार झाली. प्रोसेसर तोच, सेटिंग तीच. इंटेलचं आयरिस एक्सई ग्राफिक्स तर एका स्टिकवर स्वतःला आयरिस म्हणवूनही घेत नाही, नुसतं यूएचडी (साध्या ग्राफिक्सचं नाव) दाखवतं. म्हणून १६ ची एक नको, ८-८ च्या दोन. ८४५ जी७ ला दोन्ही स्लॉट मोकळे मिळतात. टी१४ ला निम्मी रॅम सोल्डर, एक स्लॉट.

दुकानात बायोस (विंडोजच्या आधी उघडणारं सेटिंगचं पान) उघडून बघा, जुन्या कंपनीचा पासवर्ड असेल तर फुकट दिला तरी नको.

कुकरची_शिट्टी
अशा रिफर्बच्या (वापरून पुन्हा विकलेल्या लॅपटॉपच्या) बॅटरीबद्दल कुणीच बोलत नाहीये. ५० वॅट-अवरची जुनी बॅटरी, समजा ४० उरली. खेळताना २०-२५ वॅट जातात. म्हणजे पावणेदोन तास, कल्याण यायच्या आत मान टाकणार. गाडीतल्या सॉकेटवर विसंबू नका. विंडोजमध्ये पॉवरसीएफजी कमांडने बॅटरी रिपोर्ट निघतो, मूळ क्षमता आणि आजची शेजारी शेजारी दिसते. तो दुकानात उभं राहून काढा, लाजू नका. आणि गेममध्ये फ्रेम्स ४० वर बांधून टाका. एज ऑफ एम्पायर्सला काही फरक पडत नाही, बॅटरी मात्र पुरवून पुरवून जाते.

पासवाला_नाशिकरोड
उशिरा कळवतोय. शनिवारी ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड पालथा घातला. पहिल्या दुकानातल्या ८४५ ला प्रायव्हसी स्क्रीन निघाली. समोरून ठीक, जरा तिरकं पाहिलं की सगळं धुतल्यासारखं. गाडीत नीट समोर बसायला मिळतं कधी? सोडला. तिसऱ्या दुकानात साधी स्क्रीनवाला मिळाला, २७ हजार. १६ ची एक स्टिक होती, ती काढून ८-८ घालून घेतल्या. दुकानदार म्हणे, "साहेब, सोळा ते सोळाच." मी गप्प राहिलो, पण स्क्रू घट्ट होईपर्यंत काउंटर सोडला नाही. रिपोर्टात बॅटरी ८३ टक्के आली.

काल सकाळी पहिली फेरी. स्टीम (गेम्स चालवायचं अॅप) घरीच ऑफलाइन मोडला टाकून निघालो, गाडीत एज ऑफ एम्पायर्स लावलं. इगतपुरीला बसलेल्या काकांनी (मेंढीकोटवालेच) खांद्यावरून डोकावून विचारलं, "हे काय करता?" म्हटलं, आधी मेंढ्या शोधून गोळा करायच्या, मग बाकीचं. "मग आमच्यासारखंच की," म्हणाले आणि पत्ते पिसायला लागले.