जुन्या मारुती झेनचा लोअर आर्मचा बोल्ट जाम, काय करू?

म्हापसेकर: 2003 ची झेन आहे, कळंगुटला समुद्राजवळ बारा वर्षं उघड्यावर उभी असायची. लोअर आर्म (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा) बदलायला काढला, नट निघाला पण बोल्ट जागचा हलत नाही, डब्ल्यूडी-40 (गंज सोडवायचा स्प्रे) अर्धा डबा मारला, 17 च्या पान्याला पाईप लावून ओढला तर बोल्ट फिरतो पण रबर बुशसकट (आर्मच्या टोकातली रबरी गादी) फिरतो. आता?

फोंड्याचा पाना: बुशसकट फिरतोय म्हणजे बोल्ट बुशच्या आतल्या लोखंडी नळीला गंजून चिकटलाय रे, खारं वारं. ओढून काही होणार नाही. आर्म नवाच टाकतोयस ना, मग बुशच्या दोन्ही बाजूंनी हॅक्सॉ ब्लेडने काप, माझा तसाच निघाला, घामाने अंघोळ झाली ती वेगळी.

वास्कोवाला: कापायच्या आधी डिझेल नाहीतर पेनिट्रेटिंग ऑइल मारून रात्रभर ठेव, सकाळी नट दोन आटे लावून वर हातोडा मार, नुसत्या बोल्टवर मारलास तर आटे चेपतील. गॅसने तापवू नको, रबर पेटतं आणि बाजूलाच ब्रेकचा पाईप आहे.

फोंड्याचा पाना: आणि नवा बोल्ट त्याच ग्रेडचा घे, डोक्यावर मजबुतीचा आकडा 8.8 की 10.9 ते बघ, साधा नको. नटाला शेवटचा कस गाडी चाकांवर उभी केल्यावरच दे, नाहीतर बुश पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो.

म्हापसेकर: निघाला! रात्रभर डिझेल, सकाळी चार ठोके. बोल्ट मधे इतका झिजलाय की पेन्सिल वाटते.