चित्रकार्डांमुळे बोलणं मागे पडत नाही

ज्या मुलांना (उदा. ऑटिझममुळे) बोलून सांगणं जमत नाही, त्यांना हवं ते चित्र दाखवून सांगता यावं म्हणून चित्रकार्डं वापरतात. कार्डांची सवय लागली तर मूल बोलायचंच सोडून देईल, अशी भीती काही पालकांना वाटते, ती आम्हालाही होती. तसं होत नाही. हवं ते मागता यायला लागलं की आदळआपट कमी होते, काही मुलांचं बोलणं वाढतंसुद्धा. 'पेक्स' ही कार्ड देऊन वस्तू मागायची पद्धत अमेरिकेत १९८५ मध्ये अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी काढली. तिची सुरुवात 'हे काय आहे, सांग' अशा परीक्षेने होत नाही. मुलाला खरोखर हवी असलेली वस्तू मागण्यापासून होते. आमच्या पोराला सफरचंदाच्या चित्राशी देणंघेणं नव्हतं, भडंगाच्या पुडीचा फोटो मात्र लगेच कळला! (सांगलीचंच पोर शेवटी.)

शाळेत खरी अडचण ठरलेल्या दिनक्रमात होणाऱ्या बदलाची. दिवसाचे तास चित्रांच्या पट्टीवर वेलक्रोने लावायचे, एकेक झालं की मुलानेच काढून 'झालं'च्या पाकिटात टाकायचं. गॅदरिंगची तालीम, पाहुणे, कृष्णेला पाणी चढल्यावर अचानक सुट्टी, यासाठी 'बदल' असं वेगळं कार्ड हवंच. पट्टीत फरक करतानाच ते मुलाला दाखवायचं.

आणि बाईंना एवढं जरूर सांगा: 'मला थांबायचंय' हे कार्ड दिलं की सुरुवातीला दर वेळी थांबू द्यायचं. 'आधी गणित पूर्ण कर' म्हटलं की कार्डावरचा विश्वास उडतो, मग पुन्हा किंचाळणं. कार्डं कपाटात ठेवू नका, शिक्षा म्हणून तर काढून घेऊच नका.