मदत हवी आहे: नाशिकजवळच्या अंजनेरीवरच्या बारक्या फुलांसाठी मॅक्रो लेन्स कोणती घ्यावी?

गोदाकाठ:
मंडळी, कॅमेरा कॅनन २००डी मार्क २. सोबत किटची १८-५५ आणि ५५-२५० एसटीएम. सोनकी, तेरड्याचे फोटो बरे येतात, पण सीतेची आसवे ही इवली जांभळी फुलं फ्रेममध्ये ठिपक्याएवढी दिसतात आणि क्रॉप केलं की सगळा तपशील जातो. बजेट २५ हजार, वापरलेली लेन्स चालेल. दुकानदार ६० एमएम मॅक्रो घ्या म्हणतो, बाकीचे १०० एमएम सुचवतात. एक्स्टेन्शन ट्यूबवर (बॉडी आणि लेन्सच्या मधे बसणारी पोकळ नळी) भागेल का? वापर मुख्यतः सप्टेंबरात अंजनेरीच्या पठारावर, थोडा घरच्या कुंड्यांवर.

रानवाट:
तुमची १८-५५ किट लेन्स सेन्सरवर वस्तूची प्रतिमा जास्तीत जास्त खऱ्या आकाराच्या ०.२५ पट उमटवते. सेन्सर २२.३ मिमी रुंद आहे, म्हणजे कितीही जवळ गेलात तरी फ्रेममध्ये सुमारे ९ सेंमीची पट्टी येणारच. त्यात सेंटीमीटरभराचं फूल ठिपकाच दिसणार. १:१ मॅक्रोवर, म्हणजे प्रतिमा खऱ्या आकाराएवढी असताना, तीच फ्रेम २२ × १५ मिमीची होते.

६० आणि १०० दोन्ही १:१ देतात. फरक आहे तो जागेचा. लेन्सवर लिहिलेलं किमान अंतर सेन्सरपासून मोजतात, काचेपासून नाही. ईएफ-एस ६० चं ते २० सेंमी आहे. त्यातून बॉडी आणि लेन्सची लांबी वजा केली की काच आणि फुलात जेमतेम ९ सेंमी उरतात. १०० एमएमला १५ च्या आसपास मिळतात. सीतेची आसवे जमिनीपासून वीतभरही उंच नसतात आणि भोवती गवत दाटलेलं असतं. ९ सेंमीवर लेन्सची सावली फुलावर पडते, पुढच्या कडेला गवताची काडी लागली की फूल हलतं. शिवाय १०० मध्ये मागचा कमी भाग येतो, त्यामुळे गवताची गिचमीड सहज विरघळते. पठारासाठी १००च. फक्त शेवंती-गुलाब टिपायचे असते तर ६० सुचवली असती, हलकी आणि छान लेन्स आहे.

कॅननच्या महागड्या एल मालिकेची १०० बजेटबाहेर जाईल. तिच्या आधीची ईएफ १०० एमएम एफ/२.८ मॅक्रो यूएसएम वापरलेली शोधा. तिच्यात स्टॅबिलायझर (हाताचा कंप सावरणारी यंत्रणा) नाही, पण त्यासाठी अडू नका: एलचा चार स्टॉपचा (दर स्टॉपला शटर दुप्पट वेळ उघडं ठेवता येतं) फायदाही १:१ वर दोनवर येतो, आणि वाऱ्याने हलणारं फूल कुठलाच स्टॅबिलायझर थांबवत नाही. घेताना मागून टॉर्च मारून आरपार बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी; कितीही स्वस्त मिळाली तरी सोडा.

एफ_अकरा:
ट्यूबचा हिशोब सोपा आहे: ट्यूबची लांबी भागिले फोकल लेंग्थ, एवढी पट वाढ. ५० एमएम एसटीएम मुळात ०.२१ पट देते. ३६ मिमीची ट्यूब लावली की ०.७२ वाढून ०.९३ होते. पण फूल काचेपासून काही सेंमीवर येतं, म्हणजे पुन्हा सावलीचं तेच रडगाणं. हीच ट्यूब किट लेन्सला १८ वर लावलीत तर फोकसची जागा काचेला जवळजवळ चिकटते, काहीच टिपता येत नाही.

लेन्स घेण्याआधी एक करून बघा. तुमच्या ५५-२५० वर रेनॉक्स डीसीआर-१५० ही क्लोजअप काच चिमट्याने बसते. ताकद ४.८ डायऑप्टर (चष्म्याच्या नंबरासारखं माप). झूम २५० वर, फोकस अनंतावर ठेवलात तर १.२ पट मिळतं आणि फूल काचेपासून सुमारे २१ सेंमी दूर राहतं, १०० एमएमपेक्षाही जास्त. कडा थोड्या मऊ येतात, पण एकटं फूल मधोमध असेल तर ते खुपत नाही. डीसीआर-२५० घेऊ नका. २५० एमएमवर ती दोन पट नेते आणि तिथे फोकस सांभाळणं नवख्याला जड जातं.

गोदाकाठ:
धन्यवाद! रेनॉक्सपासूनच सुरुवात करतो. पठारावर वारा थांबतच नाही, त्याचं काय? आणि अॅपर्चर किती ठेवू?

एफ_अकरा:
१:१ वर एफ/८ ला जेमतेम ०.६ मिमी खोली फोकसमध्ये राहते, एफ/११ ला ०.८. त्यापुढे जाऊ नका. १:१ वर एफ/११ चा परिणाम एफ/२२ सारखा असतो, म्हणजे छिद्र इतकं बारीक की तपशील मऊ पडू लागतो. एफ/१६ ला तर सगळंच मऊ पडतं. त्यापेक्षा सेन्सर फुलाच्या पाकळीला समांतर धरा, तेवढ्याने जास्त भाग धारदार येतो.

वाऱ्यावर उपाय फ्लॅशच. शटर १/२००, आयएसओ ४००, एफ/११, फ्लॅश मॅन्युअल १/८ किंवा कमी. तो चमकतोच इतका थोडा वेळ की फूल गोठतं. समोर ट्रेसिंग पेपर लावा आणि तो फुलाच्या जितका जवळ, तितका प्रकाश मऊ. मागचं सगळं काळं आलं तर आयएसओ ८०० करा. एक खबरदारी: २००डी मार्क २ च्या हॉटशूला (वरच्या फ्लॅश लावायच्या खाचेला) मधली पिनच नाही, त्यामुळे फक्त तिच्यावर चालणारे स्वस्त मॅन्युअल फ्लॅश पेटत नाहीत. कॅननसाठीचा टीटीएल (कॅमेऱ्याशी बोलून प्रकाश आपोआप ठरवणारा) फ्लॅश बघा, आणि दुकानातच बॉडीवर लावून तपासा.

रानवाट:
फोकसची रिंग फिरवत बसू नका. मॅन्युअलवर ठेवा, स्क्रीन बाहेर काढून १० पट मोठं करा आणि कॅमेराच मिलिमीटरभर पुढे-मागे सरकवा. ट्रायपॉड तेवढा खाली येत नसेल तर तांदळाची पिशवी घेऊन जा. पण ती खडकावर ठेवा, फुलांच्या गादीवर नाही. आडवं येणारं गवत उपटू नका, हळूच बाजूला धरा. अंजनेरीच्या नावाची कंदीलपुष्पाची जात दुर्मिळ आहे. ती दिसली तर फोटोतलं जीपीएस (जागेची नोंद) काढूनच तो इथे टाका.