किशोरवयीन मुलांच्या मानसिक आरोग्यासाठी पालक आणि शिक्षकांनी मिळून काय करावे?

प्रश्न

नमस्कार. आम्ही काही पालक आणि शिक्षक मिळून १३ ते १८ वयोगटातील मुलामुलींच्या मानसिक आरोग्यासाठी काही काम उभे करू पाहत आहोत. सुरुवातीला एका तज्ज्ञांचे व्याख्यान ठेवले. सभागृह भरले होते, परंतु प्रश्नोत्तरांच्या वेळी एकही मूल बोलले नाही, आणि ‘आमच्या मुलाला समुपदेशकाकडे जाताना कोणी पाहिले तर लोक काय म्हणतील’ ही धास्ती अनेक पालकांनी नंतर खासगीत बोलून दाखवली. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार १० ते १९ वयोगटातील दर सातांपैकी एकाला मानसिक विकाराला सामोरे जावे लागते. म्हणजे त्या सभागृहातही अशी मुले नक्कीच बसलेली होती. आता भित्तिपत्रके लावावीत, शिक्षकांना प्रशिक्षण द्यावे, की आणखी काही करावे? अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १

आपल्या प्रश्नाला बऱ्याच अंशी थेट उत्तर देणारा एक मोठा अभ्यास उपलब्ध आहे. युरोपातील १० देशांमधल्या १६८ शाळांत, ११ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांवर तो झाला आणि २०१५ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. काही शाळांत शिक्षकांना धोक्याची लक्षणे ओळखण्याचे प्रशिक्षण दिले गेले, काही शाळांत प्रश्नावलीद्वारे तपासणी करून धोक्यातील मुलांना तज्ज्ञांकडे पाठवण्यात आले, आणि काही शाळांत चार आठवड्यांत विभागलेला साधारण पाच तासांचा कार्यक्रम झाला, ज्यात विद्यार्थ्यांनी स्वतः प्रसंगनाट्ये सादर करून ताण, नैराश्य आणि मित्राला मदत करणे या विषयांवर चर्चा केली. तुलनेसाठी निवडलेल्या शाळांत केवळ भित्तिपत्रके लावलेली होती. वर्षभरानंतर, चर्चेत सहभागी झालेल्या गटात आत्महत्येच्या नव्या प्रयत्नांचे प्रमाण तुलनेच्या गटाच्या सुमारे निम्मे आढळले. उरलेल्या दोन उपायांनी लक्षणीय फरक पडला नाही. शिक्षकांचे प्रशिक्षण निरुपयोगी आहे, असा अर्थ मी यातून काढणार नाही, परंतु मुलांना केवळ श्रोते म्हणून बसवू नये, एवढे मात्र मी ठामपणे म्हणेन.

उत्तर २

मी शालेय समुपदेशक आहे. वरील मताशी मी सहमत आहे, पण त्याआधी एक गोष्ट व्हायला हवी. मुले बोलू लागली की त्यांना पाठवायचे कोठे, हे पहिल्या सत्रापूर्वीच ठरलेले असावे. कोणते समुपदेशक किती दिवसांत वेळ देऊ शकतील, औषधोपचाराची गरज भासल्यास कोणते मानसोपचारतज्ज्ञ पाहतील, खर्च कोण उचलेल, आणि रात्री-अपरात्री संकट आले तर कोणाला फोन करायचा, हे सारे लेखी हवे. धीर करून बोललेल्या मुलाला पुढे महिनोन्‌महिने ताटकळत ठेवले, तर ते दुसऱ्यांदा बोलण्याची शक्यता फार कमी असते.

गोपनीयतेची मर्यादाही मुलांना आरंभीच स्पष्ट सांगावी: तुमचे बोलणे आमच्यापाशी राहील, मात्र तुमच्या किंवा इतर कोणाच्या जिवाला धोका असेल, तर योग्य व्यक्तीला सांगावे लागेल. आत्महत्येचा विचार मनात येतो का, असे थेट विचारल्याने तो विचार मुलाच्या डोक्यात भरवला जातो, ही समजूत चुकीची आहे. शांतपणे विचारलेल्या अशा प्रश्नाने अनेक मुलांना मोकळे वाटते.

‘कोणी पाहिले तर’ या धास्तीवर ऑस्ट्रेलियात २००६ मध्ये स्थापन झालेल्या ‘हेडस्पेस’चे उदाहरण विचार करण्याजोगे आहे. त्यांच्या केंद्रांत १२ ते २५ वयाच्या मुलांना मानसिक आरोग्य, शारीरिक तक्रारी, व्यसने, शिक्षण आणि नोकरी या सर्वांसाठी एकाच ठिकाणी मदत मिळते. त्यामुळे दारातून आत जाणारा मुलगा नेमका कशासाठी आला आहे, हे बाहेरच्याला कळत नाही.

उत्तर ३

किशोरवयात मी स्वतः नैराश्यातून गेले आहे आणि आता अशा सत्रांत माझा अनुभव सांगते. ज्यांनी हा आजार भोगला आहे त्यांच्याशी प्रत्यक्ष भेट झाल्याने पूर्वग्रह कमी होतात, असे अभ्यास सांगतात. मात्र २०१२ च्या एका मोठ्या आढाव्यात हा परिणाम प्रौढांमध्ये अधिक ठळक दिसला, तर किशोरवयीनांमध्ये नीट दिलेली माहिती अधिक प्रभावी ठरली. म्हणून मुलांसमोर केवळ माझी कहाणी न मांडता मी लक्षणे आणि उपचार यांविषयीही बोलते, आणि पालकांसाठी अनुभवकथनाची वेगळी बैठक घेण्याचा आग्रह धरते. स्वतःला इजा करण्याच्या पद्धतींचे वर्णन कोणत्याही सत्रात येता कामा नये.

आणखी एक कळकळीची विनंती आहे. मित्राला आधार द्यायला मुलांना अवश्य शिकवा, पण त्याचे ओझे त्यांच्या खांद्यावर टाकू नका. मित्राने जीव देण्याची भाषा केली, तर ‘कोणाला सांगू नकोस’ अशी शपथ घातलेली असली तरी विश्वासातल्या मोठ्या माणसाला सांगायचेच, हे त्यांच्याकडून प्रसंगनाट्यात वारंवार करवून घ्या. ती मोठी माणसे कोण, त्यांची नावे मुलांनाच सुचवू द्यावीत.