सुकन्या समृद्धीतील पैसा मुलीच्या विशेष शिक्षणासाठी आज काढता येईल का?

प्रश्न : एक आई, मनीषनगर, नागपूर

माझी मुलगी अकरा वर्षांची असून तिला स्वमग्नता (ऑटिझम) आहे. यूडीआयडी कार्डावर, म्हणजे दिव्यांगत्वाच्या सरकारी ओळखपत्रावर, ६० टक्के दिव्यांगत्वाची नोंद आहे. निदान होण्यापूर्वी, २०१७ मध्ये, आम्ही तिचे सुकन्या समृद्धी, म्हणजे मुलींसाठीच्या सरकारी बचत योजनेचे, खाते उघडले आणि दरवर्षी ६० हजार रुपये न चुकता भरत आलो. आज खरा खर्च घरी येणाऱ्या विशेष शिक्षिकेचा आणि स्पीच थेरपीचा आहे. शिक्षिकेच्या पावत्या घेऊन टपाल कार्यालयात गेले, तेव्हा खिडकीवरच्या कर्मचाऱ्याने पावती उलटसुलट पाहिली आणि संस्थेचा शिक्का नाही म्हणून परत सरकवली. परवा किराणा दुकानात तिने पहिल्यांदाच दहाची तीन नाणी स्वतः मोजून दिली, ती याच शिकवणीमुळे. हे शिक्षण नव्हे तर काय? खाते बंद करावे का?

उत्तर : निवृत्त टपाल कर्मचारी, सीताबर्डी

ताई, आपली तळमळ रास्त आहे, पण नियम कर्मचाऱ्याच्याच बाजूने आहे. मुलगी १८ वर्षांची झाल्यावर किंवा दहावी उत्तीर्ण झाल्यावर, यांपैकी जे आधी घडेल तेव्हापासून, मागील आर्थिक वर्षाअखेरच्या शिलकीच्या ५० टक्क्यांपर्यंत रक्कम शिक्षणासाठी काढता येते. त्यासाठी शिक्षणसंस्थेचे प्रवेशपत्र किंवा शुल्कपावती लागते आणि प्रत्यक्ष शुल्काहून अधिक रक्कम मिळत नाही. मुदतीपूर्वी खाते बंद करण्याची सवलत जीवघेण्या आजारासारख्या कारणांसाठी आहे. स्वमग्नता त्यात बसत नाही. मात्र खाते जिवंत ठेवण्यासाठी वर्षाला २५० रुपये पुरतात, हे फारसे कोणी सांगत नाही. तरी जमेल तेवढे भरत राहावे, असे मला वाटते, कारण जानेवारी २०२४ मध्ये याचा व्याजदर ८.२ टक्के झाला, तर पीपीएफचा (सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचा) एप्रिल २०२० पासून ७.१ टक्केच राहिला.

उत्तर : एक वडील, धरमपेठ

व्याजाचा मुद्दा बरोबर असला तरी मी वेगळे सांगेन. माझा मुलगा २२ वर्षांचा असून त्याला बौद्धिक दिव्यांगत्व आहे. आम्ही त्याच्या नावावर बरीच रक्कम साठवली आणि तो अठरा वर्षांचा होताच एका बँकेने त्याच्या सहीशिवाय व्यवहार थांबवले. मी त्याचा हात धरून वहीत सही गिरवून घेत होतो, ती दर वेळी वेगळी येत होती. अखेरीस राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ नुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडून कायदेशीर पालकत्व घ्यावे लागले. आपली मुलगी २०३२ मध्ये अठराची होईल. तोवर ती स्वतः व्यवहार करू लागली तर उत्तमच; नाही तर हा अर्ज लागेल, एवढे मनात असू द्यावे.

म्हणून सुकन्या खात्यात २५० रुपये भरून उरलेले ५९,७५० रुपये, म्हणजे महिन्याला जवळपास पाच हजार, आजच्या शिकवणीला लावावेत. आता नाणी मोजायला शिकलेली मुलगी पुढच्या वर्षी हिशेब शिकेल. ही वर्षे कोणत्याही व्याजदराने परत मिळत नाहीत. त्यातूनही शिल्लक राहिली, तर ती पालकांच्या पीपीएफमध्ये टाकावी, कारण सातव्या आर्थिक वर्षापासून तिथून काही रक्कम कारण न सांगता काढता येते. राष्ट्रीय न्यासाच्या, दिव्यांगांसाठीच्या निरामय आरोग्य विम्याचीही चौकशी करावी. त्याचे संरक्षण एक लाख रुपयांपर्यंत असून त्यात थेरपीचा खर्चही येतो. यजमान जुन्या करप्रणालीत असतील तर प्राप्तिकराच्या ८०डीडी कलमाखाली ७५ हजारांची वजावट मिळते, आणि त्यासाठी प्रत्यक्ष खर्चाचा आकडा तेवढा असण्याची गरज नाही.

प्रश्नकर्तीचे उत्तर

आपणा दोघांचे मनापासून आभार. यजमानांचे पीपीएफ खाते २०१४ चे आहे, म्हणजे तिथून रक्कम काढता येईल. या एप्रिलपासून सुकन्या खात्यात २५० रुपयेच भरू. शिक्षिकेला आठवड्यातून तीनऐवजी पाच दिवस येता येईल का, हे मी आज संध्याकाळीच विचारते. पालकत्वाच्या अर्जाला कोणती कागदपत्रे लागली, ते कृपया सवडीने कळवावे.