मदत हवी आहे: जुन्या राजधानीच्या इमारतींचे फोटो, मागे झुकणारा मनोरा, काळा दगड आणि हक्कांचा प्रश्न

नमस्कार मंडळी,

कोल्हापुरात माझा छोटा स्टुडिओ आहे. लग्नं, बारशी, पासपोर्ट फोटो आणि निवडणूक आली की इच्छुकांचे हात जोडलेले फोटो, यावर घर चालतं. लग्नसराई उतरली की वेळ मिळतो, त्या वेळात एक काम स्वतःच्या हौसेनं अंगावर घेतलंय. 1 मार्च 1949 ला विलीनीकरण झालं, तोवर हे गाव संस्थानची राजधानी होतं. त्या राजधानीच्या ज्या इमारती अजून उभ्या आहेत त्यांचा एक संच करायचाय. नवा राजवाडा, टाऊन हॉल, सीपीआर (सरकारी दवाखाना), भवानी मंडप, कुस्त्यांचं खासबाग मैदान, अंबाबाईच्या देवळाची बाहेरची बाजू.

सोनेरी आकाशाचे देखणे फोटो ढिगानं मिळतात, ते मला नकोत. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, तेव्हा आमच्या फोटोग्राफर लोकांच्या ग्रुपवर जो तो जुन्या हार्ड डिस्क उकरत होता. निघाले काय, तर सत्कार, शाली, नारळ आणि माइकमागचे पाहुणे. 1915 साली उभ्या राहिलेल्या त्या वास्तूचा, वास्तू म्हणून काढलेला धड फोटो शोधायला फार वेळ गेला. म्हणून मला नोंद हवी आहे. वायरी, फ्लेक्स, वडापची (शेअर प्रवासाची) गाडी, जे आहे ते फोटोत राहील. (वायरी पुसून दे म्हणणारे घरातच दोघं आहेत, तेव्हा तो सल्ला कृपया नको.)

आता अडचणी.

पहिली आणि मोठी, नवा राजवाडा. मेजर चार्ल्स मँटनं आराखडा केला, 1877 ते 1884 या काळात बांधकाम झालं, मध्यभागी घड्याळाचा मनोरा. जवळून 24 एमएमच्या रुंद लेन्सनं घेतला की मनोरा मागे पडल्यासारखा दिसतो. मागे सरकलो की झाडं आडवी येतात. सॉफ्टवेअरमध्ये सरळ केला की तो उगाच किडकिडीत होतो आणि कडेच्या कमानी कापल्या जातात. उभ्या रेषा सरळ ठेवणाऱ्या टिल्ट-शिफ्ट लेन्सची किंमत विचारून झालीय, पुन्हा विचारणार नाही.

दुसरी, काळा दगड. दुपारी काढला तर दगड राखाडी आणि आभाळ पांढरंफटक. सावलीत काढला तर नुसता काळा गोळा. एचडीआर (कमी-जास्त उजेडाचे फोटो एकत्र करणं) केलं की दगडाचं प्लास्टिक होतं. आणि खरी गंमत त्या दगडातच आहे हो. एका कमानीला मी बराच वेळ लेन्स लावून बसलो होतो. माणसाचा हात जिथवर पोचतो तिथवर दगड तुळतुळीत, तेलकट चमकतो. त्याच्या वर छिन्नीचे बारीक तिरके घाव जसेच्या तसे. डोळ्याला हे लख्ख दिसतं, फोटोत येत नाही.

तिसरी, वॉचमन. मोबाइलवर हजार लोक फोटो काढतात, ट्रायपॉड उघडला की हाक येते, "ओ दादा, मोबाइलवर काढा की, कोण नको म्हणतंय? हे तिकाटणं आत चालायचं न्हाई." याचं मी बघतो. अर्ज, ओळखी, चहा असं काहीतरी होईल. वस्तुसंग्रहालयाच्या आत किंवा गाभाऱ्यात कॅमेरा न्यायचा माझा विचारच नाही.

चौथी जरा पैशाची. एका हॉटेलवाल्यांनी काही फोटो पाहिले. त्यांचं म्हणणं, उरलेल्या इमारती आमच्यासाठी काढा, पैसे देतो, मूळ फाइल्स सगळ्या द्या, खाली नाव नको. रक्कम बरी आहे. पण मग पुढे याच फोटोंचं प्रदर्शन किंवा पुस्तक मला करता येईल का?

जाणकारांनी सांगावं.

घाटमाथा:
मनोऱ्याबद्दल. कॅमेरा वर उचलला की सेन्सर तिरका होतो, म्हणून रेषा वर जाताना जवळ येतात. तेव्हा उचलूच नका. कॅमेरा उभा धरा, ट्रायपॉडवर लेव्हलमध्ये, 16 किंवा 17 एमएमसारखी लेन्स भाड्यानं आणा. खाली निम्मी फ्रेम नुसती फरशी आणि हिरवळ येईल, ती कापून टाका. 24 मेगापिक्सेलचा कॅमेरा असेल तर उरलेल्या 12 मध्ये ए-3 प्रिंट आरामात निघते. दुसरा मार्ग म्हणजे 50 एमएमनं तुकड्या-तुकड्यांत काढून जोडणं. पण त्यात चालती माणसं दोनदा येतात, ते निस्तरत बसावं लागतं.

सॉफ्टवेअरमध्ये करणारच असाल तर शंभर टक्के सरळ करू नका. उंच इमारत थोडी निमुळती दिसणं डोळ्याला सवयीचं असतं, पूर्ण सरळ केली की वरचा भाग फुगलेला वाटतो. आणि फोटो घेतानाच चारी बाजूंनी जागा मोकळी सोडा.

उन्हाळी_पाऊस:
दगडाचं मी सांगते. कॅमेऱ्याचं मीटर समोरच्या सगळ्याला मध्यम राखाडी समजतं. फ्रेमभर काळा दगड असेल तर ते उजेड वाढवतं आणि दगड धुवट होतो, तिथे एक स्टॉप कमी करा, म्हणजे उजेड निम्मा. फ्रेममध्ये आभाळ आलं की नेमकं उलटं होतं, मीटर आभाळाला घाबरून दगड बुडवतं. म्हणून मॅन्युअलवर या, दगडावर स्पॉट मीटर (फक्त एका ठिपक्याचा उजेड मोजणारं) धरा आणि तिथून दीड स्टॉप खाली.

छिन्नीचे घाव मात्र एक्स्पोजरनं येत नाहीत, उन्हाच्या दिशेनं येतात. ऊन भिंतीला घासून गेलं पाहिजे. अंबाबाईचं देऊळ पश्चिमाभिमुख आहे, किरणोत्सव, म्हणजे सूर्यकिरण देवीपर्यंत पोचतात तो सोहळा, मावळतीचा असतो तो त्यामुळेच. म्हणजे समोरच्या बाजूवर सकाळी ऊन नाही, आणि सूर्य अगदी समोर आला की कोरीवकाम सपाट दिसतं. मधला कोन गाठायचा. बाहेरच्या भिंतीवरच्या सुरसुंदरींसाठी (कोरलेल्या स्त्रीमूर्तींसाठी) मी तिरक्या उन्हाची वाट बघेन. पूर्ण इमारत हवी असेल तर सूर्य बुडाल्यावरची पंधरा-वीस मिनिटं. आभाळ आणि दगड यांच्यातलं अंतर तेव्हा कमी होतं, एचडीआर लागत नाही.

कोर्टाची_पायरी:
चौथ्या मुद्द्यावर घाई नको. कॉपीराइट कायदा 1957, कलम 17. पैसे घेऊन, कुणाच्या सांगण्यावरून फोटो काढला आणि उलट करार केलेला नसेल, तर पहिला मालक पैसे देणारा. म्हणजे तुम्ही नाही. याउलट स्वतःहून आधीच काढलेल्या फोटोची प्रिंट विकली तर नुसती प्रिंट विकली जाते, हक्क तुमच्याकडेच राहतात. त्यामुळे एकतर आधी स्वतः काढा आणि मग हॉटेलला प्रिंट किंवा वापराचा परवाना विका, नाहीतर कागदावर स्पष्ट लिहून घ्या की कॉपीराइट फोटोग्राफरचा. तोंडी "आपलंच आहे ओ" चालत नाही. इमारतीचा फोटो छापल्यानं इमारतीच्या आराखड्याच्या कॉपीराइटचा भंग होत नाही, कलम 52 मध्ये तशी सूट आहे, ती काळजी सोडा.

तांबडा_पांढरा:
वायरी ऱ्हाऊ देत भावा. पण वाढदिवसाचे फ्लेक्स? त्यात आमच्या पेठेतली निम्मी पोरं दिसतील, पुढं वळख पटवायला बोलावतील तुला.

मूळ प्रश्नकर्ता:
सगळ्यांचे आभार. हॉटेलवाल्यांना सांगितलं, आधी मी काढतो, मग तुम्ही प्रिंट निवडा. ते जरा नाराज आहेत, पण फोन ठेवला नाही. 16 एमएम पुण्याहून भाड्यानं मागवतोय. ताई, स्पॉट मीटरचा उपाय आज टाऊन हॉलवर करून पाहिला, दगड दगडासारखा आला.

फ्लेक्स राहणार. पेठेतल्या पोरांनी सांभाळून घ्यावं.

आता आणखी एक मदत. सीपीआरचा दर्शनी भाग खालून घेतला की रिक्षा आणि अँब्युलन्सच जास्त दिसतात. समोरच्या बाजूला दुसऱ्या किंवा तिसऱ्या मजल्याची गच्ची कुणाच्या ओळखीत आहे का? सकाळी तासभर पुरेल. ट्रायपॉड आणेन, हे आधीच सांगून ठेवतो.