पीजीपी की एस/माइम? तातडीने मदत हवी आहे

भाषांतरवाली: जर्मनीतल्या क्लायंटने कळवलंय, करारांचे मसुदे यापुढे एन्क्रिप्ट करूनच पाठवा. शुक्रवारी पहिला मसुदा द्यायचाय. मेल एन्क्रिप्ट (म्हणजे फक्त त्यांनाच उघडेल अशी कुलूपबंद) करायच्या या दोन पद्धतींबद्दल दोन दिवस वाचतेय, डोकं भंजाळलंय. कुठलं घेऊ तेवढंच सांगा.

उंबरठा: मेल कशात बघता? आणि क्लायंट काय वापरतो?

जुना_गडी: पीजीपीच घ्या. 1991 पासून टिकून आहे. थंडरबर्ड या मेलच्या प्रोग्राममध्ये 78व्या आवृत्तीपासून आतच मिळतं. मेल उघडायची किल्ली फुकट, एस/माइमसारखं 'हा पत्ता यांचाच' अशा प्रमाणपत्रासाठी कुणाच्या दारात उभं राहायला नको.

सई_ठाणे: आणि समोर आउटलुक असेल तर? पीजीपीचं प्लगइन ऑफिसचे आयटीवाले टाकू देत नाहीत. एस/माइम आउटलुक, ॲपल मेलमध्ये आधीपासून असतं.

जुना_गडी: 2018 चं ईफेल, एन्क्रिप्ट केलेला मजकूर फोडणारी ती त्रुटी, विसरलात वाटतं.

सई_ठाणे: त्यात पीजीपीही सापडलं होतं, काका.

करसल्लागार: ताई, क्लास 3 डीएससीचा, म्हणजे डिजिटल सहीचा टोकन काढा. आयकर, आरओसी (कंपनी नोंदणी), ई-टेंडर, सगळीकडे चालतो.

उंबरठा: त्यांना टेंडर भरायचं नाहीये हो. भाषांतरवाली, माझे प्रश्न राहिलेच.

भाषांतरवाली: जीमेल, ब्राउझरमध्ये. त्यांचं माहीत नाही. त्यांच्या प्रत्येक मेलला 'एसमाइम.पी7एस' नावाची फाइल असते. उघडत नाही म्हणून मी दुर्लक्ष करते.

उंबरठा: अहो, हेच आधी सांगायचं! ती त्यांची एस/माइम सही. त्यांचं प्रमाणपत्र सहसा त्यातच असतं. म्हणजे निवड त्यांनीच केलीय. फुकटच्या जीमेलमध्ये हे जमणार नाही, तेच खातं थंडरबर्डमध्ये जोडा. ईमेल पत्त्याची पडताळणी करून मिळणारं साधं प्रमाणपत्र घ्या आणि आधी त्यांना नुसती सही केलेली मेल पाठवा, म्हणजे तुमचं प्रमाणपत्र तिकडे पोचेल. विषयाची ओळ उघडीच जाते, तिथे पक्षकाराचं नाव लिहू नका.

सई_ठाणे: मुदत संपली तरी जुनं प्रमाणपत्र किल्लीसकट जपा. मी लॅपटॉप बदलताना हे दोन्ही ज्यात असतं ती पी12 फाइल घेतली नाही, तीन वर्षांच्या मेल आजही उघडत नाहीत.

जुना_गडी: माझ्या 2009 च्या किल्लीने सगळं उघडतं.

भाषांतरवाली: झालं! सहीची मेल गेली, त्यांचं उत्तरही आलं. पण फोनवर मजकूरच नाही, नुसती 'एसमाइम.पी7एम' फाइल. काही बिघडलं का?

उंबरठा: नाही. ते बंद पाकीट आहे, किल्ली तुमच्या लॅपटॉपवर आहे. थंडरबर्डमध्ये उघडा.